पंपाचा आवाज कुठे गेला

सर्वण गावातली ती घटना आठवली की आजही आधी हायसं वाटतं, मग थोडी लाज. बाळांनो, तुम्ही फोन करता तेव्हा तुमच्या मागे चालू असलेला मिक्सर मला ऐकू येत नाही ना, त्याचीच ही गोष्ट.

निवृत्तीच्या थोडं आधी मी डिचोलीकडच्या एका ठाण्याची प्रभारी होते. एका सकाळी एक वयस्कर बाई तक्रार घेऊन आल्या. नवरा पहाटे घराबाहेर पडला, परतला नाही. रोज एकतर खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसणाऱ्या डिझेल पंपावर जायचा, नाहीतर डोंगरावरच्या काजूबागेत. बाईंचा संशय नवऱ्याच्या भाच्यावर, बांधाच्या वादावरून मामा-भाच्याचं बोलणं बंद होतं.

भाच्याला वाटेतच गाठून ठाण्यात आणलं. त्याने न मागता फोन पुढे केला. मामाचा कॉल, आपोआप रेकॉर्ड झालेला: "पाय मोडलो रे, माका व्हरूक ये." पाय मोडलाय, न्यायला ये, एवढंच, पुढे कॉल तुटलेला. मामा पंपाकडेच असणार, मी तिकडेच निघालो होतो, असं त्याचं म्हणणं.

मी ते तीनदा ऐकलं. त्या पंपाजवळ कान फुटतात. इथे मामाच्या बोलण्या-धापेखेरीज काही नव्हतं. म्हणजे भाचा खोटं बोलतोय. माणसं मोजकीच होती, ती सगळी मी काजूबागेत पाठवली आणि याला बाकावर बसवलं.

"मॅडम, माका मागीर कोंडा, पण आदी पंपार चला," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. कोंडायचं ते नंतर, आधी पंप, एवढंच त्याचं मागणं.

दोन तासांनी वीज गेली. मागच्या अंगणात जनरेटर सुरू झाला. डिझेल संपत आलंय हे सांगायला हवालदाराने तिथूनच मला फोन केला. खिडकीतून नुसती घरघर येत होती, फोनात मात्र फक्त हवालदार. मी ताडकन उठले.

सायबर शाखेने फोनवरच थोडक्यात उलगडा केला. मायक्रोफोन हवेतला कंप विजेत बदलतो, फोनमधला संगणक त्याचे सेकंदाला हजारो आकडे मांडतो. जो आवाज एकसारखा चालू असतो त्याला गोंगाट समजून तो वजा करतो. बोलणं चढतं-उतरतं, म्हणून ते ठेवतो.

भाच्याला जीपमध्ये घेऊन पंपाकडे धावलो. पंप चालूच होता. मागच्या चरात मामा पडलेला, पाय वाकडा, फोन पाण्यात. पण जिवंत.

भाच्याला पाहून मामा म्हणाला, "इतको वेळ खंय होतंस रे? डोंगरार काजी वेचूक गेल्लंस?"

भाच्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "व्हय मामा," म्हणाला, आणि त्याच्या पाठीखाली हात घातला.

रेकॉर्डिंग काय ऐकवतं याच्या आधी ते काय गाळतं हे विचारायचं, एवढं मी त्या दिवशी शिकले. स्टेशन डायरीत मात्र मी काही गाळलं नाही. जागा कोणी बरोबर सांगितली आणि त्याला कोणी बसवून ठेवलं, सगळं माझ्याच अक्षरात आहे.