गडव्यातलं पाणी

आणीबाणी उठली त्या हिवाळ्यात मी काकांची जुनी मोटार पुण्याला आणायला भंडाऱ्याजवळच्या शहापूरला गेलो. गाडी स्वातंत्र्याच्याही आधीची. तिथल्या नामदेवभाऊ मिस्त्रींनी इंजिन उघडून पुन्हा बसवलं होतं आणि मागचा पाटा (चाकावरची, धक्के झेलणारी लोखंडी कमान) लोहाराकडून नवा घडवून घेतला होता. आता चाचणीसाठी लाखांदूरला जाऊन यायचं, मगच पुणं.

निघताना त्यांनी काठोकाठ भरलेला पितळी गडवा (तांब्या) मागच्या सीटपुढे दोन विटांत बसवला.

"पानी किती सांडलं, त्यावरून मले पाटा समजते. मी संगं नाही येत. मिस्त्री बसला की गाडी शहाण्यासारखी चालते."

मला भीती तिथूनच वाटू लागली. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या (खाचरं) होत्या म्हणे. मी पाहिले ते फक्त खड्डे. अड्याळच्या पुढे इंजिन तापलं, तेव्हा बोडीवरून (लहान तळ्यावरून) पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतलं. लाखांदूरला गडवा जवळपास भरलेलाच होता. हायसं वाटून मी एसटी स्टँडवरच्या टपरीत झणझणीत तर्रीपोहे मागवले.

दोन घास खाल्ले नाहीत तोच एक म्हातारी समोर आली. मागे बाकावर तिची गरोदर सून पोट धरून बसली होती.

"बाबू, सुनेले कळा येऊन राहिल्या. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेऊन द्या."

"मावशी, ही चाचणीची गाडी. पाटा तुटला तर वाटेतच अडकू."

"एसटी गेली ना जी. तुम्ही भेता, अन् आमी का भेऊन नाही राहिलो?"

मी दार उघडलं.

सुनेनं गडवा मांडीवर घेतला आणि घोटघोट पाणी पीत राहिली. ती कण्हली की मी ब्रेक दाबी. पवनीच्या पुढे एका मोरीवर मागून 'कट्' असा आवाज आला आणि गाडी डावीकडे कलली. उतरून बघायला हवं होतं. पण धीरच झाला नाही. घामानं ओल्या हातांनी, बैलगाडीच्या चालीनं, जन्मात घेतलं नव्हतं इतकं देवाचं नाव घेत मी भंडारा गाठलं.

दवाखान्यात बाळाचं रडणं ऐकलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

शहापूरला नामदेवभाऊ गाडीखाली शिरले, ते बराच वेळ बाहेर येईनात. आले ते पडलेल्या चेहऱ्यानं.

"मेन पाट्याचे दोन तुकडे. कुठी तुटला?"

"पवनीच्या पुढे."

त्यांनी गडव्यात पाहिलं. तळाशी दोन बोटं पाणी. "सारं सांडलं?"

"नाही भाऊ. बाळंतपणाला निघालेली बाई होती गाडीत. ती प्यायली."

मी सगळी हकीकत सांगितली. उरलेलं पाणी प्यायला त्यांनी गडवा तोंडाला लावला, पण हात इतका कापत होता की ते सदऱ्यावरच सांडलं.

गाडी मी मालगाडीनं पुण्याला आणली. मित्र भित्रा म्हणतात. म्हणोत बापडे. त्या मोरीवर उतरून पाहण्याची हिंमत मला झाली असती, तर मी गाडी पुढे नेलीच नसती.