वरच्या फांदीची पानं

वसुधा गेली, हे तिच्या मुलानं, निखिलनं, फोनवर सांगितलं. फेब्रुवारीतली सकाळ होती, मी इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या बसस्टॉपवर उभी. "काकू, आई गेली..." बस आली आणि गेली, मी तिथंच.

आमची चाळीस वर्षांची मैत्री. तिच्या दारापुढे हॉलीचं, काटेरी पानांचं जुनं झाड होतं, बर्फातही हिरवंगार. ख्रिसमसला शेजारी लाल फळांच्या डहाळ्या न्यायचे, तेव्हा ही डॉक्टरीण मुलांना ती विषारी फळं तोंडात घालू नका म्हणून दम भरायची. छाटलेल्या फांदीचं पांढरंशुभ्र लाटणं तिनं करून घेतलं होतं. पण खरा उपयोग पाडव्याला. "आंबा मिळत नाही म्हणून दार मोकळं ठेवू?" म्हणत पहिल्या वर्षी तिनं हॉलीच्याच पानांचं तोरण बांधलं. इथली दारं बुटकी, पानं काटेरी. माझा अंबाडा त्यात असा अडकला की ही सर्जनबाई कात्री घेऊन मला सोडवतेय आणि मागे पाहुण्यांची रांग! नंतर तिच्या लक्षात आलं, जुन्या झाडाच्या शेंड्याकडच्या पानांना काटे नसतात. झालं, तेव्हापासून दर पाडव्याला बाई शिडीवर. पंचाहत्तरीतही. मी खालून शिव्या घालायची, ती वरून हसायची. फार हट्टी होती, आणि मला तिची तशीच आठवण येते.

मार्चमध्ये निखिलचा मिल्टन कीन्सहून फोन आला. "काकू, घर विकतोय. बायरला ड्राइव्हवे पाहिजे. ते झाड काढायला फ्रायडेला माणूस येणार."

"मग फ्रायडेला मीही येणार," मी म्हटलं.

थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन मी झाडाखाली ठाण मांडलं. निखिल आला तो वैतागूनच. "काकू, प्लीज. इट्स जस्ट अ ट्री."

मी वाद घातला नाही. गॅरेजमधली शिडी आणायला लावली. "वर चढ आणि एक पान तोड."

तो चढला. पानाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "ह्याला काटे नाहीत... आई इथे चढायची?"

"दर वर्षी. सगळ्यांत आधी तुझ्या मिल्टन कीन्सच्या दाराचं तोरण करायची."

"मला वाटायचं, ती शॉपमधून आणते," तो म्हणाला. मग शिडीवरूनच त्यानं बायरला फोन लावला. "द हॉली इज स्टेइंग." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "देन फाइंड अनदर हाउस," म्हणून त्यानं फोन खिशात टाकला.

मला वाटलं, आता उतरेल. तो उतरला नाही.

"काकू, एका तोरणाला किती पानं लागतात?"