खारे गुरुजींचा कागद

आमच्या गुरुजींचे सदरे शेजारची वासरं चाटत. यात अतिशयोक्ती काही नाही. शाळेतून आल्यावर गुरुजी सदरा काढून कुंपणावर टाकत, आणि माई, म्हणजे त्यांची बायको, तो धुवायला घेईपर्यंत एखादं वासरू दावं ताणून तिथवर पोचलेलं असे. सदऱ्याच्या पाठीवर, काखेत, कॉलरभोवती घाम वाळून पांढऱ्या रेघा उठलेल्या असत. तसा घाम कुणाला येत नाही? चैत्र-वैशाखात आमचं सगळं गावच निथळत असतं. पण गुरुजींच्या घामात मीठ जरा जास्तच होतं. शेजारचे दगा आबा एकदा पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, "गुरुजी, तुमना सदरा लई खारा शे. मन्हं वासरू चारा सोडीसन तोच चाटस." त्या दिवसापासून गुरुजी ‘खारे गुरुजी’ झाले. खरं आडनाव पाटील, ते सरकारी कागदांपुरतं उरलं.

या नावानं एकदा मोठीच गंमत केली. नवे डिपोटी शाळा तपासायला आले, ते मूळचे कोकणातले. ब्राह्मणपुरीच्या फाट्यावर त्यांना कुणीतरी ‘खारे गुरुजींची शाळा’ म्हणून वाट दाखवलेली. आल्या आल्या त्यांनी आनंदानं विचारलं, "खरे म्हणजे मूळचे कुठले तुम्ही? आमच्या गावात खऱ्यांची चार घरं आहेत." गुरुजी हात जोडून म्हणाले, "साहेब, मी खरे नाही. नुसताच खारा आहे." डिपोटींना त्याचा उलगडा झाला की नाही कोण जाणे, पण शेरा मात्र चांगला लिहून गेले.

गुरुजींना दमा होता. लहानपणापासूनच होता म्हणत. चार शब्द बोलले की थांबायचे, छातीत शीळ वाजायची, मग उरलेलं वाक्य यायचं. पन्नास-बावन्न साली मी पहिलीत गेले, तेव्हा मला वाटे की कविता अशीच म्हणायची असते. ओळीच्या मधेच थांबायचं, श्वास घ्यायचा आणि पुढे जायचं. आमच्या शाळेतून शिकून गेलेली सगळी पोरं पाढेसुद्धा दम लागल्यासारखे म्हणत. पुढे शहाद्याच्या हायस्कुलात बाईंनी मला विचारलं, "तुला दमा आहे का गं?" मी म्हटलं, "मला नाही, आमच्या गुरुजींना आहे."

भाषेच्या बाबतीत मात्र ते कडक. घरी आम्ही सगळी अहिराणी बोलणारी. शाळेत कुणी ‘मन्हं पुस्तक घर शे’ म्हटलं की गुरुजी दाराकडे बोट दाखवायचे. "‘शे’ तिथे ठेवून यायचं, चपलांजवळ. आत आलं की ‘आहे’ म्हणायचं. घरी जाताना आपापलं ‘शे’ घेऊन जा." ते स्वतः घरीही ‘आहे’च म्हणत, माईंशीसुद्धा. माई त्यांना अहिराणीत उत्तरं देत आणि दोघांचं उत्तम चाले.

दम्यावर औषधं सुचवणाऱ्यांना तोटा नव्हता. अडुळशाचा काढा झाला, धोतऱ्याच्या पानांची विडी झाली. धडगावकडून बाजाराला उतरणारा एक म्हातारा दर वर्षी कसलीशी मुळी आणून द्यायचा, तीही गुरुजी श्रद्धेनं उगाळून घ्यायचे. गुण कशाचाच आला नाही. "दमा हा माझा सर्वांत चांगला विद्यार्थी आहे," ते म्हणत. "वर्षात एक दिवस गैरहजर नाही." सदऱ्याच्या खिशात खडे मिठाची पुडी असे. उन्हाळ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली की एक खडा जिभेवर ठेवायचे आणि पुन्हा फळ्याकडे वळायचे.

पण गुरुजींचं खरं दुखणं छातीत नव्हतं. त्यांना मूल नव्हतं. आणि मूल नाही म्हटल्यावर गावानं जे ठरवायचं ते ठरवूनच टाकलं होतं. सगळी शाळा जिला ‘माई’ म्हणे, तिलाच बारशाला कुणी पाळण्याजवळ येऊ देत नसे. लग्नात हळद लावायला लेकुरवाळ्या पाच जणी बोलावत आणि माईंना कुणीतरी गोड आवाजात सांगे, "माई, तू चुलाजोडे ऱ्हाय, तुन्हासारखी भाजी कोनले जमत नही." माई पदर खोचून चुलीशी बसत. मी लहान असताना मला खरंच वाटायचं की माईंच्या हाताला चव आहे म्हणून त्यांना तिथे बसवतात. कळायला लागलं तेव्हा फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. गुरुजींच्या आईनं मरेपर्यंत दुसऱ्या बायकोचा धोशा लावला होता. गुरुजी म्हणत, "मला चार शब्दांना एक दम लागतो. दोघींशी बोलायचं म्हटलं तर मी जगेन कसा?" सगळे हसत आणि विषय टळे, पण माईंवरचा डाग काही टळत नसे.

मी मुंबईला नर्सिंग शिकायला गेले तीही गुरुजींमुळेच. माझ्या वडिलांशी ते सलग तीन संध्याकाळी बोलत बसले होते, दम खात खात, आणि शेवटी बहुधा त्यांची दया येऊन वडिलांनी होकार दिला. शिकत असताना आमच्या वॉर्डात विलायतेहून नुकतेच परतलेले एक तरुण डॉक्टर होते. एका लहान मुलीला तपासताना त्यांनी तिच्या आईला विचारलं, "हिचा पापा घेतला की खारट लागतो का?" मी हातातला ट्रे खाली ठेवला आणि त्यांना म्हटलं, "सर, आमच्या गुरुजींचे सदरे वासरं चाटतात." डॉक्टर हसले नाहीत. वय विचारलं, खोकला कसा आहे विचारलं. बोटांची टोकं फुगीर आहेत का, म्हणाले. ती होती. खडू धरलेली ती बोटं मी चार वर्षं रोज पाहिली होती. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "मुलं आहेत?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बोलवा त्यांना. घाम तपासू."

मी गुरुजींना पत्र लिहिलं, ‘तुमचा घाम तपासायचा आहे, लवकर या.’ यात चूक माझीच झाली. नंदुरबारला गाडीत बसून, नवापूर, सुरत करत गुरुजी मुंबईला आले ते काखोटीला एक गाठोडं घेऊन. डॉक्टरांच्या टेबलावर त्यांनी ते सोडलं. आत आठवडाभराचे न धुतलेले सदरे होते. प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली, ठळक वळणदार अक्षरात सोमवार, मंगळवार असे वार. दोन सदरे मात्र पांढरेशुभ्र, इस्तरी केलेले, आणि त्यांच्यावर एकच चिठ्ठी होती, ‘गुरुवार व शुक्रवार सौ.ने धुतले, क्षमस्व.’ मुंबईच्या डॉक्टरांसमोर नवऱ्याचे मळके कपडे जातील हे माईंना सोसलं नव्हतं. डॉक्टर खूप वेळ त्या चिठ्ठ्या वाचत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, घाम अंगावरचाच लागेल."

तपासणी अगदी साधी निघाली. हाताला औषधात भिजवलेला बोळा लावून विजेचा हलका प्रवाह सोडला. त्वचा लाल झाली तशी तिथे टिपकागदासारखा कागद चिकटवून ठेवला. अर्ध्या तासानं तो कागद काढून प्रयोगशाळेत नेला. आमच्या मोठ्या डॉक्टरांचा या खटाटोपावर विश्वास नव्हता. हा आजार गोऱ्या लोकांचा, तोही लहान मुलांचा, चाळिशीतल्या खानदेशी मास्तराला तो कसा असेल, असं ते सगळ्यांसमोर बोलले. पहिल्या दिवशी मीठ फार निघालं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं. पुन्हा तेवढंच निघालं. तरुण डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, सिस्टिक फायब्रोसिस. गुरुजींनी ते वहीत तीनदा लिहून पाहिलं. "चाळीस वर्षं बरोबर राहिलाय. नाव तरी शुद्ध लिहिता आलं पाहिजे," म्हणाले.

आणखी एक तपासणी झाली, तेव्हा मला बाहेर पाठवलं. शेवटच्या दिवशी दार बंद करून डॉक्टर गुरुजींशी बराच वेळ बोलले. बाहेर आले तेव्हा गुरुजींच्या हातात डॉक्टरांनी लिहिलेला कागद होता आणि चेहऱ्यावरचं मला काही वाचता येईना. आजारावर औषध नव्हतं आणि तो असलेल्या पुरुषांना बहुधा मूल होत नाही, एवढं मला ठाऊक होतं. स्टेशनवर गाडी सुटायला वेळ होता. गुरुजींनी विचारलं, "सुशीला, जन्मजात म्हणजे जन्मापासूनच ना? लग्नाच्या आधीपासून?" मी हो म्हटलं. "म्हणजे बायकोचा त्यात काहीच संबंध नाही." मी म्हटलं, "काहीच नाही, गुरुजी." त्यांनी कागदाची नीट घडी करून तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. तेव्हा मला समजलं की गुरुजी दम्यासाठी मुंबईला आलेच नव्हते. ‘मुलं आहेत का असंही डॉक्टरांनी विचारलंय,’ अशी एक ओळ माझ्या पत्राच्या शेवटी होती. त्या ओळीसाठी ते आले होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी माझं लग्न ठरलं. हळदीला सकाळीच अंगणात बायका जमल्या, पाटाभोवती पाच लेकुरवाळ्या बसल्या आणि माई न सांगताच चुलीकडे गेल्या. मी पाटावर बसून त्यांच्याकडे बघत होते. इतकी शिकले, पण स्वतःच्या हळदीत तोंड उघडायचा धीर मला झाला नाही. याची मला अजून लाज वाटते.

तेवढ्यात गुरुजी आले. बायकांच्या घोळक्यात पुरुष कधी येत नाही. बायकांनी पदर सावरले. उन्हातून चालत आल्यानं ते घामानं भिजले होते, छातीत शीळ वाजत होती. त्यांनी खिशातून कागद काढला, उघडला आणि उभे राहिले. आम्हाला वाटलं काही वाचून दाखवणार, मंगलाष्टक वगैरे. गुरुजी म्हणाले, "आयका. आमले पोऱ्यासोऱ्या नही." मग थांबले, श्वास घेतला. "तो दोष मन्हा शे. तिना नही. जनमपाईन मन्हा शे. डॉक्टरनी लिखी दिन्हं शे."

गुरुजींच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ‘शे’ ऐकलं. कुणालाही ते सुधारावंसं वाटलं नाही. ज्यांना ऐकवायचं त्यांच्या भाषेत, एकही शब्द अवघड न ठेवता, त्यांनी धडा समजावून दिला होता. "पहिली हयद तीच लावी," एवढं बोलून ते कागद तसाच धरून उभे राहिले.

माई चुलीजवळून उठल्या. मला वाटलं, आता त्या रडतील. त्या सरळ गुरुजींजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "कागदनी घडी करा. घाममा भिजस तो." मग माझ्याकडे आल्या, हळदीत हात बुडवला आणि माझ्या दोन्ही गालांना लावला. त्यांचा हात चुलीच्या धगीनं गरम होता. मीच रडले. दगा आबांच्या सूनबाईनं सरकून पाटाजवळ त्यांना जागा करून दिली.

गुरुजी त्यानंतर दोन हिवाळे जगले. दुसरा हिवाळा सरता सरता छातीनं साथ सोडली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. गावात त्या दोन वर्षांत जेवढी लग्नं झाली तेवढ्यांत पहिल्या हळदीला माईंना बोलावणं गेलं होतं, हे मला दारातच दगा आबांनी सांगितलं.

माईंनी पत्र्याच्या पेटीतून तो कागद काढून माझ्यापुढे धरला. घड्यांवर पांढऱ्या रेघा होत्या, शाई जागोजागी फुटली होती. माईंना वाचता येत नव्हतं. "वाची दाखाड," म्हणाल्या. मी इंग्रजी ओळी एकेक करून अहिराणीत सांगितल्या, जेवढ्या वाचता आल्या तेवढ्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "यामा मन्हं नाव कोठे शे?"

"कोठेच नही, माई."

"बरं शे," माई म्हणाल्या, आणि कागदाची घडी घालून तो पुन्हा पेटीत ठेवला.