तोयामाचं काळं रामेन

मिरज स्टेशनवर आईचं शेवटचं बोलणं असं होतं: "स्वयंपाकच शिकायचा होता, तर घरी नसता का शिकवला?" बाबा नातेवाइकांना 'हॉटेल मॅनेजमेंट' सांगत होते, त्यामुळे त्यांनी चटकन इकडेतिकडे पाहिलं. गाडी सुटेपर्यंत आई डब्यातल्या दशम्या आधी कुठल्या खायच्या ते सांगत राहिली. कुणी रडलं नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही.

तेव्हा ऑस्ट्रेलियाकडे विद्यार्थ्यांचा लोंढा चालला होता. मेलबर्नला कुकरीचा कोर्स करा, पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायचा परवाना, घ्या, एवढंच एजंटने सांगितलेलं. वर्गातल्या निम्म्या पोरांनी घरी चहासुद्धा केला नव्हता आणि मी जन्माचा शाकाहारी. पीआरसाठी नऊशे तास स्वयंपाकी म्हणून काम केल्याचं मालकाच्या सहीचं पत्र लागायचं. मला काम मिळालं ते ओकुदा-सान यांच्या रामेनच्या दुकानात. सान म्हणजे आपलं 'राव'.

रामेन म्हणजे रश्श्यातल्या शेवया, एवढंच मला ठाऊक होतं. ओकुदा-सान भिंतीवरच्या जपानच्या नकाशावर बोट ठेवून शिकवायचे. किताकाता गावात रामेन सकाळी न्याहारीला खातात, आपण मिसळ खातो तसं. आसाहिकावात बर्फ पडतो, म्हणून वर चरबीचा तवंग सोडतात. खालचा रस्सा गरम राहतो. आणि त्यांचं स्वतःचं गाव तोयामा. तिथलं रामेन सोया सॉसने काळंकुट्ट, वर भरड मिरी. मेलबर्नच्या गिऱ्हाइकांना हाडांचा पांढरा दाट रस्सा तेवढा माहीत. काळ्याचा बाउल अर्धा परत यायचा. "टू सॉल्टी, मेट." ओकुदा-सान "नो वरीज" म्हणत बाउल उचलायचे आणि सिंकमध्ये ओतताना गिऱ्हाइकाकडे पाठ करायचे.

रस्सा मी करायचो, पण चाखत नसे. डुकराच्या मांसाचा होता म्हणून. शिवाय न चाखण्यात मला वावगं काही वाटत नव्हतं. आमच्या घरी रोज देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी चव बघत नाही. आई मीठ अंदाजानेच घालायची आणि ते कधी चुकायचं नाही. मीही वासावर आणि रंगावर निभावून नेत होतो.

तास भरले तेव्हा मी पत्र पुढे केलं. ओकुदा-साननी पेन उचललं नाही. "यू नेव्हर टेस्ट," ते म्हणाले. "नो टेस्ट, नॉट कुक. आय कॅनॉट राइट कुक."

मी आईचं आणि नैवेद्याचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "युअर मदर हॅज गॉड," ते म्हणाले. "आय हॅव कस्टमर."

दोन आठवडे ते पत्र बॅगेत घेऊन मी कोर्स आणि दुकान करत राहिलो. सही नाही तर पीआर नाही. आणि चाखलं, तर आईच्या स्वयंपाकघरात कुठल्या तोंडाने शिरायचं? तिकडे राहिलेल्या तुम्हाला हे पोरकट वाटेल. इकडे आलेल्यांना वाटणार नाही. इथे प्रत्येकाने असा एखादा घास कधीतरी गिळलेला असतो.

शेवटी एका दुपारी, दुकान उघडायच्या आधी, मी चमचा बुडवला. मळमळलं नाही, याचंच आधी वाईट वाटलं. मग मीठ लागलं, पार घशापर्यंत. हे नुसतं खायचं नव्हतंच, हे कालवण होतं.

"ओकुदा-सान, दिस नीड्स राइस."

ते स्टुलावर बसले. तोयामाला घाम गाळणारे मजूर डब्यात भात आणायचे आणि त्याच्याशी हे रामेन खायचे, असं त्यांनी सांगितलं. भात घरून यायचा असतो, दुकानाने द्यायचा नसतो, हा त्यांचा हट्ट होता. मेलबर्नमध्ये कोण घरून भात आणणार? त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवसापासून काळ्या रामेनबरोबर भाताची वाटी जाऊ लागली आणि बाउल जरा कमी परत येऊ लागले.

पीआर झालं. आता मी मेलबर्नच्याच ट्रुगानिना उपनगरात राहतो, एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम करतो आणि शिफ्टमध्ये शंभरदा चाखतो. घरी यातलं काही कधी सांगितलं नाही. सुट्टीत गेलो की आईच्या स्वयंपाकघराबाहेरच पाट घेऊन बसायचो, तिने का म्हणून विचारलं नाही.

मागच्या खेपेला ती आमटी करत होती. तिने चमच्यात थोडी घेतली, फुंकर घातली आणि माझ्यापुढे धरली. "मीठ बघ."

"आई, नैवेद्य व्हायचाय."

"तिकडे सगळं चाखतोस, मला कळत नाही होय? धर. देव काय, इथेच असतो. तू आठ दिवसांचा."

मी चाखलं. मीठ अगदी नेमकं पडलं होतं. थोडं कमी असतं तर बरं झालं असतं. त्या घरात मला तेवढं तरी काम राहिलं असतं.