बिनट्रॉलीची गाडी

मच्छिंद्र जायभायचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. थंडीत गारठलेला ट्रॅक्टर एका चावीत चालू होत नाही. ऊसतोडीच्या टोळीतल्या बायकांनी फडाच्या कडेला चुली पेटवायच्या आत तो चालू करून, इंजिनाचा आवाज सरळ होईपर्यंत गरम करून ठेवायचा, हा त्याचा नेम. उसाच्या दोन ट्रॉल्या भरून झाल्यात आणि ड्रायव्हर अजून इंजिनाशी झटतोय, असं त्याच्या उभ्या नोकरीत कुणी पाहिलं नाही.

आता तो खर्ड्याजवळच्या वाडीत घरीच असतो. कारखान्याची वाट सुटली, साडेतीनची जाग काही सुटली नाही. या हिवाळ्यात जाग आली की त्याच्या डोळ्यांपुढे दोन गाड्या उभ्या राहायच्या. एक तांबडी, एक निळी. दोन्ही बुटक्या, जमिनीला टेकल्यासारख्या, पळण्यासाठीच बनवलेल्या. मोबाईलवर फोटो आले होते. नगरला केडगावच्या एका जुन्या गाड्यांच्या आवारात त्या विकायला होत्या, आणि त्यातली एक त्याला घ्यायची होती. भाड्याने फिरवायला नाही, दूध घालायला नाही, कुणाला दवाखान्यात न्यायलाही नाही. चालवायला.

त्याने हे घरात सांगितलं तेव्हा थोरला भाऊ काकासाहेब चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला.

"मच्छ्या, साठीला आलास. डोकं ठिकानावर हाय का?"

"हाय की. म्हनून तर आत्ता घेतो. सत्तरीला पाय चालंल का न्हाई, कुनी बघितलंय?"

"लोक काय म्हंतील?"

"म्हंतील, मच्छ्या पळाला. आजवर म्हनत आले, मच्छ्या आडवा आला."

काकासाहेबाने आवाज चढवला. घेच तर पिकअप घे, बाजाराला माल नेता येईल. नाहीतर सात सीटची घे, शिर्डीची भाडी मारता येतील. दोन माणसांची गाडी म्हणजे एका बैलाची गाडी. कुळाचं नाक कापलं जाईल.

बनुबाई भाकरी थापत होती. तिने तव्यावरची नजर न काढता नवऱ्याला एवढंच विचारलं, "अवो, तिच्यात माजी जागा हाय का?"

"हाय."

"मंग बघून तर येऊ."

बनुबाईने ऊस तोडला आणि मच्छिंद्रने ओढला, असा त्यांचा संसार. लग्नानंतरची कैक वर्षं ती टोळीत आणि तो त्याच टोळीच्या ट्रॅक्टरवर. मोळी बांधायची कशी, भरायची कशी, शेंडे कुठल्या बाजूला, हे तिला कळत होतं. आणि त्या भरलेल्या ओझ्याखाली ड्रायव्हरचं काय होतं, हेही.

ज्याने दोन भरल्या ट्रॉल्या ओढल्या नाहीत त्याला सांगून कळायचं नाही, तरी सांगतो. ट्रॉलीला ब्रेक नसतो. उताराला ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉल्या थांबत नाहीत. त्या मागून ढुशी देतात. म्हणून उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनाच्या जोरावर धरून न्यायचं. चढाला उलटं. ओझं मागे ओढतं आणि पुढची चाकं जमीन सोडतात. मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. टोळीतल्या दोघा-तिघांना बॉनेटवर बसवावं लागतं. वळणाला सगळ्यात जास्त सांभाळायचं. ट्रॅक्टर वळतो, त्याच्या आतून पहिली ट्रॉली वळते, तिच्याही आतून दुसरी. सरळ वळलास तर मागची ट्रॉली नाल्यात. म्हणून आधी उलट्या बाजूला पार कडेपर्यंत जायचं, मग वळायचं, आणि वळताना मान मोडेस्तोवर मागे बघायचं. मच्छिंद्रची मान अजूनही उजवीकडे जास्त फिरते.

आणि हे सगळं चालू असताना मागे हॉर्न. मोटारी, टेम्पो, एसट्या. लांबच लांब ओळ. बाजूने जाताना काच खाली करून लोक आईबापाचा उद्धार करायचे. मच्छिंद्र उलट बोलायचा नाही. पुढचा रस्ता मोकळा आहे का, हे मागच्याला उसामुळे दिसत नाही, ट्रॅक्टरवाल्यालाच दिसतं. हॉर्न ऐकू आला आणि रस्ता मोकळा असला की तो उजवा हात बाहेर काढून मनगटातून हलवायचा. म्हणजे या, जा पुढं. सगळं जग त्याने असं हात देऊन पुढे काढलं. स्वतः तो कुणाच्या पुढे गेला नाही.

एकदाच गेला होता. ऐन पंचविशीत. कारखान्याच्या यार्डात ट्रॉल्या सोडून नुसता ट्रॅक्टर घेऊन तो डिझेलला निघाला. पुढे उतार होता. मागे काही नव्हतं. ट्रॅक्टर असा काही पळाला की मच्छिंद्र सीटवरून उठून उभा राहिला आणि मोठ्याने ओरडला. काय ओरडला ते त्यालाही आठवत नाही. ट्रॅक्टरच्या मालकाने ते पाहिलं आणि यार्डातल्या सगळ्यांसमोर झापलं. "ए जायभाय, ही काय तुझ्या बापाची जत्रा हाय का? डिझेल जळतंय." त्यानंतर नुसता ट्रॅक्टरही मच्छिंद्रने ट्रॉल्या जोडल्यासारखाच चालवला. पण तो उतार त्याच्या मनातून गेला नाही. लेक सविताचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला, बोअरला पाणी लागलं. उन्हाळ्यात तो टँकर चालवायचा, पावसाळ्यात जेसीबीवर असायचा. घरचं सगळं भागवून जे उरायचं, ते त्या उताराच्या नावाने बाजूला पडायचं. कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

तिघं एसटीने नगरला गेली. काकासाहेब बोलावल्याशिवाय आला होता, अडवायला.

आवाराचा मालक गोरक्ष तोंडाने गोड माणूस. "या नाना, या मावशी," म्हणत त्याने खुर्च्या मांडल्या. मच्छिंद्र बसला नाही. त्याने दोन्ही गाड्यांना बैल पारखताना घालतात तसा एक एक फेरा घातला. मग चपला काढून हातात घेतल्या.

"नाना, चपला कशाला काढताय? देवळात चाललाय का?"

"पायाला कळाया पायजे," मच्छिंद्र म्हणाला. ट्रॅक्टरवरही तो अनवाणीच असायचा.

आधी तांबडी. तिला मागे जेमतेम बसण्यापुरतं बाक होतं, म्हणून सगळीच बसली. गोरक्ष शेजारी, बनुबाई आणि काकासाहेब मागे, गुडघे हनुवटीला लावून. या गाडीला क्लच नव्हता. गिअर तिचे तीच बदलायची. मच्छिंद्रने पाय दाबला आणि काकासाहेबाचा पटका मागच्या काचेवर आपटला. केडगावातून शहर ओलांडून भिंगार मागे टाकलं आणि चांदबिबीच्या महालाकडे चढणारी वळणं आली. तांबडी तक्रार न करता चढली. जोर होता, आवाज नव्हता, स्टिअरिंग लोण्यासारखं.

पहिल्याच वळणाला घोटाळा झाला. वळण डावीकडे होतं आणि मच्छिंद्रने गाडी उजवीकडे घातली, पार रस्त्याच्या कडेच्या खडीवर. मग वळवली. वळवताना मान मागे.

"नाना! अवो नाना!" गोरक्षने डॅशबोर्ड धरला. "मागं काय बांधलंय का काय?"

मागून काकासाहेब खो-खो हसला. "ट्रॉल्या बांधल्यात त्याच्या! मेल्यावरबी सुटायच्या न्हाईत!"

दुसऱ्या वळणाला तेच. तिसऱ्यालाही. मच्छिंद्र स्वतःला बजावत होता की मागे काही नाही, पण हात ऐकत नव्हते. गाडी सगळं आपलं आपण करत होती. त्याच्या हातांना आणि पायांना काम उरलं नव्हतं, आणि काम नसलं की ते जुनंच काम काढून बसत होते.

वर पोचेपर्यंत एक वेगळीच गोष्ट घडली. काकासाहेबाला तांबडी आवडली.

"मच्छ्या, ही घे," तो उतरून पाय झाडत म्हणाला. "दिसाया झ्याक हाय. लगीनसराईत नवरदेवाला भाड्यानं देऊ. हार लावून उभी क्येली की चार गावची गिऱ्हाइकं. तुज्या गुडघ्यालाबी बरी, क्लचच न्हाई."

गुडघ्याचं खरं होतं. मच्छिंद्रचा डावा गुडघा क्लच दाबून दाबून झिजला होता. डॉक्टरने सांगितलं होतं, त्या पायाला आता आराम द्या. गोरक्षनेही मान डोलावली.  बनुबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

"निळी बघू," मच्छिंद्र म्हणाला.

निळी दोनच माणसांची. वयाने जुनी, बूड जमिनीपासून वीतभर. पुण्याच्या कुणा हौशी माणसाने जपलेली. हाताने टाकायचा गिअर, पायात क्लच, आणि तो क्लच चांगलाच जड. बसायचं म्हणजे आधी पाठ आत टाकायची, मग पाय ओढून घ्यायचे. आवारात परतल्यावर काकासाहेब आणि बनुबाई खुर्च्यांवर बसली आणि मच्छिंद्र गोरक्षला घेऊन पुन्हा त्याच रस्त्याने गेला.

पहिल्या वळणाला त्याने परत उलटी कड घेतली. गोरक्षने आधीच डॅशबोर्ड धरून ठेवला होता. दुसऱ्या वळणाआधी मच्छिंद्रने गिअर खाली टाकला. इंजिन ओरडलं, गाडीने रस्ता धरला, आणि तळपायातून पाठीपर्यंत त्याला सगळं कळलं: कुठलं चाक कशावर आहे, कुठे खडी आहे, किती ओझं कुठल्या बाजूला गेलंय. गुडघा ठणकला. त्याने क्लच परत दाबला. हाताला काम, पायाला काम, कानाला काम. तिसरं वळण आलं आणि गेलं. चौथं. पाचव्याला गोरक्ष म्हणाला, "नाना, आता न्हाई मागं बघितलं तुमी."

 ते मच्छिंद्रच्याही आत्ताच ध्यानात आलं होतं. ट्रॉल्या सुटल्या होत्या. कुठल्या वळणाला सुटल्या ते त्याला सांगता आलं नसतं.

आवारात येऊन त्याने गाडी बंद केली आणि हात स्टिअरिंगवरच ठेवून बसून राहिला.

"निळी," तो म्हणाला.

काकासाहेब उठून उभा राहिला. "अरं, त्या गाडीचा उपेग काय? ना माल, ना मानूस, ना भाडं! तांबडी कामाला तरी लागंल!"

"म्हनून तर नको."

"काय?"

"दादा, ती कामाला लागंल. हार लावून उभी करशील, मला ड्रायव्हरचा डगला घालशील, आन् मी परत कुनाच्यातरी टायमावर जाईन. आता मला कामाला न लागनारी गाडी पायजे."

"आन् गुडघा?"

मच्छिंद्र खाली उतरला. डाव्या पायावर सगळा भार टाकून उभा राहिला, मुद्दाम.

"ह्या पायानं उभ्या जन्मात दुसऱ्याचा क्लच दाबला. आता थोडा सोताचा दाबू दे. झिजला तर माजा झिजंल."

"बनुबाई, तू तरी सांग याला!" काकासाहेब बनुबाईकडे वळला.

बनुबाईने पदर खोचला. निळ्या गाडीचं दार उघडलं. गोरक्षने जसं दाखवलं होतं तशी आधी पाठ टाकली, मग पाय आत घेतले, आणि दार ओढून घेतलं.

"भाऊजी," ती काचेतून म्हणाली, "जामखेडची येष्टी माळीवाड्याच्या स्टँडवरून सुटती."

कागदपत्रं, सह्या, पैसे हे सगळं दुपारपर्यंत उरकलं. काकासाहेब तोवर खरंच स्टँडवर गेला होता. जाताना म्हणाला, वाडीत तोंड दाखवू नको. मच्छिंद्र म्हणाला, दाखवणार, रोज दाखवणार, हॉर्न वाजवून दाखवणार.

घरची वाट जामखेड रस्त्याची. मच्छिंद्रने गाडी पाथर्डी रस्त्याला घातली.

"हिकडं कुनीकडं?" बनुबाईने विचारलं.

"करंजीचा घाट हाय हिकडं."

घाटाच्या अलीकडे पुढे उसाचा ट्रॅक्टर दिसला. दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे रस्त्यावर लोंबत, वर स्पीकरवर गाणी. रस्ता अडलेला. मच्छिंद्रने गिअर खाली टाकला आणि हॉर्न दिला. एकदाच, लहान. ट्रॅक्टरवाल्याला कुठला हॉर्न सहन होतो ते त्याला ठाऊक होतं.

थोडा वेळ काही नाही. मग उसाच्या पलीकडून एक हात बाहेर आला. उन्हाने काळा पडलेला, अंगठ्याला चिंधी बांधलेली. मनगटातून हलला. या, जा पुढं.

मच्छिंद्रने गाडी बाहेर काढली. गाडी उसाला घासून, ट्रॅक्टरला घासून पुढे निघाली. पुढे जाता जाता बनुबाईने काच खाली केली आणि त्या ड्रायव्हरला हात जोडले. तो गोंधळून बघत राहिला. आजवर त्याला काच खाली करून कुणी नमस्कार घातला नसावा.

घाट चढताना मच्छिंद्र ओरडला. तेच जुनं ओरडणं असावं. बनुबाई दचकली, मग दाराचं हँडल घट्ट धरून हसू लागली. तिचा पदर डोक्यावरून पडला, तिने तो सावरला नाही. माथ्यावर गाडी थांबली. इंजिन टिकटिक करत निवत होतं. गुडघा सुजला होता, तो त्याने हाताने चोळला.

"आता?" बनुबाईने विचारलं.

"आता खाली."

"खाली काय काम हाय?"

"कायबी न्हाई."

"आन् मंग?"

"मंग परत वर."

 बनुबाईने चपला काढून सीटखाली सरकवल्या आणि अनवाणी पाय गाडीच्या तळावर टेकले. मच्छिंद्रने गाडी वळवली. सरळ वळवली, उलटी कड न घेता. उभ्या नोकरीच्या पगारातून शेवटी हा एक बिनकामाचा फेरा आला होता, आणि तो त्याने सगळाच्या सगळा, खालच्या गिअरमध्ये, मनासारखा घेतला.