काकाच्या दोन गाड्या

माझ्या काकाला सगळे मिस्त्री म्हणतात. गिऱ्हाइकावर डाफरतो, पण हाताला गुण आहे, म्हणून लोक ऐकून घेतात. त्याच्या गॅरेजात दोन गाड्या कायमच्या मुक्कामाला आहेत. थोरली आजोबांची, गोल पाठीची, हँडल मारल्याशिवाय न उठणारी. दुसरी तिच्याहून तीस वर्षांनी धाकटी, चौकोनी, किल्ली फिरवली की सुरू. ती माझ्या बाबांची. बाबा तिच्यातच गेले, उतारावर. मी सात वर्षांची होते.

काकाने ती पुन्हा ठाकठीक केली, पण वीस वर्षांत बाहेर काढली नाही. रोज सकाळी आधी तिच्यात बसतो आणि ब्रेक दाबत राहतो. गिऱ्हाईक ताटकळलं तरी उठत नाही. वरच्या खोलीत तो धप धप आवाज यायचा आणि मला वाटायचं, बाबा जिना चढताहेत. अजूनही वाटतं, आणि अजूनही भीती वाटते.

परवा मी हट्टालाच पेटले. "काका, किल्ली दे. बाबांची गाडी मी चालवणार."

"आजोबांची ने की."

"तिला चढ दिसला की धाप लागते! वीस वर्षं ब्रेक तपासतोयस, तरी भरवसा नाही? कसला मिस्त्री रे तू?"

तो चिडला नाही. त्याने मला आधी थोरलीत बसवलं. "दाब." पाय खोल गेला, मग ब्रेक लागला.

"हिचा ब्रेक सळ्यांवर चालतो. पेडल असंच खोल जातं. मी हिच्यावरच शिकलो."

मग बाबांच्या गाडीत. इथे पाय वरच अडला.

"हिच्या ब्रेकमध्ये तेल असतं. पेडल खोल गेलं की समजायचं, तेल गळतंय."

"मग?"

"त्या सकाळी दादा म्हणाला, पेडल खोल जातंय, जरा बघ. मी एका गाडीखाली होतो, बाहेरसुद्धा आलो नाही. म्हटलं, तसंच असतं रे, बिनधास्त जा."

त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मान खाली घालून उभा राहिला. मला त्याचा भयंकर राग आला, आणि तेवढीच कीवही.

बाबा निघताना आईला काय म्हणाले, ते आईने मला शंभरदा सांगितलंय. "काळजी करू नकोस, धाकट्याला विचारलंय मी." काकाला ते मी सांगितलं नाही.