विज्ञानाचे सहा तास

भाईंदर पूर्वेला, गोडदेवजवळच्या आमच्या शाळेत सकाळी पहिली ते सातवी भरत असे आणि दुपारी त्याच खोल्यांत आठवी ते दहावी. मी चौथीची शिक्षिका होते. सकाळी खोली उघडली की फळ्यावर आदल्या दुपारचे दहावीचे बीजगणित तसेच राहिलेले असे. मुले प्रार्थनेच्या रांगेत असेपर्यंत मी ते वाचून घेत असे, आणि मग फळा पुसून भागाकार शिकवायला लागत असे.

चौथीला शिकवणे मला कमीपणाचे वाटत नव्हते. पण बारावीला गणित माझा पहिला विषय होता. डी.एड. केले ते नोकरी लगेच मिळे म्हणून. दहावीच्या वर्गापुढे उभे राहून गणित शिकवावे ही इच्छा तशीच राहिली होती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही मुंबईतली खोली विकून इथे फ्लॅट घेतला, त्याच सुमारास शाळेत सगळ्यांनी बहिःस्थ बी.ए.चे अर्ज भरायला सुरुवात केली. पदवी आणि त्यावर बी.एड. झाले की पदवीधर वेतनश्रेणी मिळणार होती. बहुतेकांनी इतिहास किंवा मराठी घेतले, कारण नोट्स तयार मिळत. मी गणित घेतले. बी.एस्सी. घरी बसून करता येत नव्हते, प्रयोगशाळेत हजेरी लागे. म्हणून गणित घेऊन बी.ए.

"बाई, विषय बघून पगार वाढत नाही," आमच्या एका ज्येष्ठ बाई म्हणाल्या. ते खरेच होते.

दुसऱ्या वर्षी माझा एक पेपर राहिला. त्याच आठवड्यात शेजारच्या गुजराती बेन मुलगा आठवी पास झाला म्हणून पेढे घेऊन आल्या. "मेरा बेटा तो पास हो गया. टीचर, आपका क्या हुआ?"

"एक पेपर रह गया."

"कोई बात नहीं. ये वाला अभी खा लो, अपना वाला बाद में खिलाना."

ह्यांनी आतूनच ऐकले. "अगं, मास्तरीण नापास झाली हे वर्गात कळू देऊ नकोस. पोरं शाळेला सुट्टी मागतील." चेष्टा करीत, पण परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळचा कुकर तेच लावीत. पुढच्या वर्षी मी बेनकडे माझे पेढे पोचवले.

बी.एड. नोकरीतल्या शिक्षकांसाठीचे होते. रविवारी आणि मे महिन्यात वर्ग, आणि सराव पाठ आपल्याच शाळेत. माझे पाठ दुपारी नववीवर लागले. प्रत्येक पाठाचे टाचण आधी लिहून द्यावे लागे, आपण काय विचारणार आणि मुले काय उत्तर देणार इथपर्यंत. माझ्याहून वयाने लहान निरीक्षक शेवटच्या बाकावर वही घेऊन बसले होते.

पहिल्या पाठाला वर्गात गडबड होती. सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, "हाताची घडी, तोंडावर बोट." नववीची मुले आधी हसली, आणि मग मिसरूड फुटलेल्या पोरांसकट सगळ्यांनी खरोखरच तोंडावर बोट ठेवले. निरीक्षकांनी शेरा दिला, 'वर्गनियंत्रण उत्तम.'

मी एकसामयिक समीकरणे शिकवत होते. एक समीकरण दुसऱ्यातून वजा केले तेव्हा गोडदेवातली एक मुलगी उभी राहिली.

"बाई, य गेला कुठं?"

"वजाबाकीत गेला."

"आता येनार न्हाय?"

"येईल. आधी क्ष सापडू दे, तोच त्याला घेऊन येतो."

तिने क्ष काढला, तो पहिल्या समीकरणात घातला, आणि य मिळाल्यावर माझ्याकडे असे पाहिले की जणू मी तो पदराखाली लपवून ठेवला होता. टाचणात हा प्रश्न नव्हता आणि हे उत्तरही नव्हते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी शाळेतून घरी जाताना रस्ता कसा संपला हे न कळलेला तो एकच आठवडा असेल.

शेवटचा पाठ संपल्यावर तिने विचारले, "उद्या तुमीच ना, बाई?"

"नाही. माझे पाठ संपले."

बी.एड.चा निकाल लागला, वेतनश्रेणी मिळाली, मला सहावी दिली. दोन वर्षांनी माध्यमिकचे गणिताचे सर निवृत्त झाले. मी त्याच दिवशी अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी बोलावले.

"बाई, आठवड्याला गणिताचे तास किती होतात, तुम्हीच सांगा."

"आठवीच्या दोन तुकड्या, नववी आणि दहावीची एकेक. सहा तासांप्रमाणे चोवीस."

"आणि पूर्ण जागेला?"

"तीस."

"उरलेले सहा विज्ञानाचे आहेत. तुम्ही बी.ए. आहात. तिथे मला बी.एस्सी.च घ्यावा लागेल."

मी त्यांच्याकडून सगळे वेळापत्रक मागून घेतले आणि रविवारी फरशीवर पसरले. मराठीचे सहा तास मी घेऊन पाहिले, इतिहासाचे घेऊन पाहिले. कसेही फिरवले तरी विज्ञानाचे सहा तास जो विज्ञान शिकलेला नाही अशाच कुणाच्या तरी वाट्याला येत.

"भूगोलाच्या सरांना दे," हे म्हणाले. "पृथ्वी त्यांच्याकडेच आहे."

मला हसू आले नाही. ते मग माझ्याबरोबर रकाने तपासत राहिले.

सोमवारी मी कागद परत केले. "काही निघालं?" मुख्याध्यापकांनी विचारले. त्यांनाही काही मार्ग निघायला हवा होता, असे मला वाटले.

"नाही, सर. तुमची बेरीज बरोबर आहे."

"मग अर्ज परत घेताय?"

"फाईलला राहू दे. एक तुकडी वाढली तर गणिताचेच तीस होतात."

तुकडी वाढेल असे मानायला जागा होती. गोडदेवच्या शेतांवर इमारती उठत होत्या, मुंबईहून कुटुंबे येतच होती. नवीन बिल्डिंग दिसली की मी मजले आणि बिऱ्हाडे यांचा हिशेब करत असे. पण त्या बिऱ्हाडांतली मुले, मराठी घरांतलीसुद्धा, हळूहळू इंग्रजी माध्यमात जाऊ लागली. गणिताला बी.एस्सी. झालेल्या एक बाई आल्या. चांगल्या शिकवतात.

जूनमध्ये प्रवेश संपले की मी अजूनही ऑफिसात जाऊन आठवीचा पट विचारते. मागच्या वर्षी कारकून आकडा सांगून म्हणाले, "दर वर्षी विचारता, बाई. तुमचं कोणी आहे का आठवीत?"

"नाही. सहज," मी म्हटले, आणि सहावीवर गेले.